एका बंबाने धरलेला डूख

मी एक जुना आगीचा बंब आहे. खरा नव्हे, खेळण्यातला. पण मित्रांनो, खेळण्यातला म्हणून मला हसू नका. माझ्या भोंग्याने एका बाईची भर वस्तीत शोभा केली आहे, आणि त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी मोठा देखणा होतो. लालभडक अंग, चार काळी चाके, वरखाली होणारी शिडी, टपावर दिवा आणि पोटात दोन सेल. बटण दाबले की दिवा फिरायचा, भोंगा वाजायचा आणि मी ओरडायचो, "आग! आग! बाजूला व्हा!" कोनात्सु तीन वर्षांची झाली त्या दिवशी मी तिच्या घरी आलो. त्यांचे घर जपानात, सेतो समुद्राकाठी, एका टेकडीच्या उतारावर. तिथे गाडी जात नाही, सगळी ये-जा पायऱ्यांनी. कोनात्सुने मला कधी स्वस्थ बसू दिले नाही. भाताच्या कुकरमधून वाफ आली, पाठव बंब. आंघोळीच्या टबातून वाफ आली, पाठव बंब. शेजारच्या तोकुनागा आजी अंगणात मासे भाजायच्या, ते तर मी रोज विझवायचो.

एकदा वादळात भर दुपारी अंधारून आले आणि वीज गेली. कोनात्सुची आई, मिहोको, लेकीला पोटाशी धरून टेबलाखाली शिरली आणि संध्याकाळपर्यंत माझे बटण दाबत बसली. घरात तेवढाच उजेड होता. "बाबा रे, आज तू होतास म्हणून," असे ती मला म्हणाली. मी ते विसरलो नाही. ती विसरली. गरज सरो, वैद्य मरो!

पुढे माझे एक चाक हरवले, शिडी मोडली. जरा धक्का लागला की भोंगा आपोआप वाजू लागला. मिहोको फोनवर साहेबांशी अदबीने बोलत असायची आणि कोपऱ्यातून मी ओरडायचो, "बाजूला व्हा!" तेव्हापासून मी तिच्या डोळ्यांत सलू लागलो.

गेल्याच्या गेल्या वर्षीची गोष्ट. डिसेंबर सरत आला होता. नववर्षाच्या आधी सगळी वस्ती घरे धुऊनपुसून काढते, तशी मिहोकोही कंबर कसून कामाला लागली. सणाला आजोळहून नवी खेळणी येणार, त्याआधी जुनी बाहेर निघाली पाहिजेत. तिने दोन खोकी मांडली. एकावर लिहिले 'ठेवायचं', दुसऱ्यावर 'द्यायचं'.

"तूच निवड हं, कोनात्सु. तुझ्या ठेवायच्या खोक्याला मी हातसुद्धा लावणार नाही."

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

कोनात्सु तेव्हा आठ वर्षांची होती. तिने दोन दिवस विचार केला. बाहुल्या दिल्या, ठोकळे दिले, भातुकली दिली. मला मात्र 'ठेवायचं'मध्ये सगळ्यात वर ठेवले.

एकोणतीस तारखेला सकाळी ती देवळाच्या आवारात मोची, म्हणजे सणाचे चिकट भाताचे गोळे, कुटायला गेली. ती पायऱ्या उतरते न उतरते तोच मिहोकोचा हात त्या खोक्यात शिरला.

"हे धूड कशाला हवंय हिला? तिला कळणारही नाही," ती पुटपुटली.

तिने मला उलटे केले. सेलच्या झाकणाचा स्क्रू गंजला होता. जाळायच्या कचऱ्यात सेल टाकायचे नसतात, हे आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिने खणात पेचकस शोधला, सापडला नाही. "जाऊ दे, कोण बघतंय!" म्हणत तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि संत्र्यांच्या सालींखाली पिशवीच्या तळाशी कोंबले. वर ठळक अक्षरांत आडनाव लिहिले, 'हिरामोतो'. नाव नसलेली पिशवी आमच्याकडे उचलत नाहीत.

पायऱ्यांच्या तळाशी, पिशव्यांच्या ढिगात, मी डूख धरून पडलो. टीव्हीवर मी ऐकले होते, कचऱ्याच्या गाडीच्या दात्यांत सेल चिरडला की आग लागते. मी ठरवले, लागू दे. सगळी गाडी पेटू दे.

गाडी आली. दोघे जण उतरले.

"अरे, हळू फेक! पिशवी आहे, पहिलवान नाही!"

"वर्षाची शेवटची खेप आहे, दादा. बायको म्हणालीय, येताना खेकडा आण, नाहीतर तूही येऊ नकोस."

खेकडेवाल्याने मला उचलले. दाते समोर करकरत होते. आणि मित्रांनो, माझा विचार फिरला. मला दया आली असे मुळीच समजू नका. जळालेल्या गाडीत कोणाची पिशवी कोणती, हे कोणाला कळणार? मिहोको नामानिराळी राहणार, आणि भाजायचा कोण, तर हा खेकडेवाला. मला तिचे नाव चव्हाट्यावर हवे होते. होता नव्हता तेवढा जोर लावून मी ओरडलो, "आग! आग! बाजूला व्हा!"

तो माणूस चार हात मागे उडाला. पिशवी खाली आली, तिच्यावर लाल कागद चिकटला: 'सेल आहेत, नेणार नाही'. गाडी निघून गेली. पुढची थेट चार जानेवारीला.

तोकुनागा आजी झाडू घेऊन आल्या. त्यांनी पिशवीला नुसते टोचले आणि मी पुन्हा सुरू झालो. देवळातून मोची घेऊन परतणारी सगळी वस्ती भोवती जमली.

"अहो हिरामोतो सूनबाई!" आजींनी खालून वर हाक मारली. "लवकर या! तुमचा कचरा बोलतोय!"

मिहोको ॲप्रनवरच धावत आली. याच्यापुढे वाक, त्याच्यापुढे वाक, तिची मान वर होईना. वर्तमानपत्राच्या फटीतून मी ती मजा डोळे भरून पाहिली. एवढ्यात गर्दीतून कोनात्सु पुढे आली. तिच्या हातांना मोचीचे पीठ होते. तिने पिशवी फाडली आणि मला बाहेर काढले.

"चुकून गेला असेल गं," मिहोको म्हणाली.

"चुकून वर्तमानपत्रात गुंडाळला?"

आजी खाली बघून झाडायला लागल्या. घरी आल्यावर कोनात्सुने 'ठेवायचं'चे खोके ओढत आईपुढे आणले.

"घे. यातलं पण तूच निवड. नाहीतरी तूच निवडतेस."

मिहोको रडली. माफी मागितली, दोनदा मागितली. माझे काळीज गार झाले. पण त्या दिवसापासून कोनात्सु आपल्या वस्तू लपवू लागली. शाळेतली चित्रे, मैत्रिणींच्या चिठ्ठ्या, सगळे. मलाही तिने अंथरुणांच्या कपाटात मागे दडवले. सूड मी घेतला, आणि अंधारात मीच बसलो.

गेल्या डिसेंबरात पुन्हा खोकी निघाली. या वेळी मिहोको खोलीच्या दाराशीच थांबली.

"आत येऊ?"

कोनात्सुने मला कपाटातून काढले, थोडा वेळ मांडीवर धरले आणि 'द्यायचं'च्या खोक्यात ठेवले.

"अगं, बंब राहू दे की," मिहोको घाईने म्हणाली. "मी जपून ठेवीन."

"बालवाडीतली पोरं खेळतील."

"पण..."

"आई, बंब कोणाचा आहे?"

"तुझा."

कोनात्सुने आजींकडून पेचकस आणला, स्क्रूला तेल घातले, नवे सेल बसवले आणि स्वतः मला बालवाडीत पोचवले. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. तिने मला दिले, टाकले नाही.

आता पंधरा पोरे मला दिवसभर आपटतात आणि मी सुखात आहे. मित्रांनो, जुनी खेळणी घरात कोंबून ठेवा असे मी म्हणत नाही. द्या, खुशाल द्या. पण ज्याची आहेत त्याला विचारून, त्याच्या हाताने द्या. मिहोको बाजाराला जाताना कुंपणापाशी थांबते आणि मला पाहून हात हलवते. पोरे तिला दाखवायला हौसेने माझे बटण दाबतात. तेवढ्यापुरता मी मुद्दाम वाजत नाही.