डावी नजर

ओक मानहोंचा ढोल नामवॉनमध्ये सगळ्यांना ठाऊक होता, आणि त्यांचा हेकटपणा त्याहून जास्त. पन्नास वर्षं त्यांनी पानसोरी, म्हणजे कोरियातलं जुनं कथागायन, गाणाऱ्यांना साथ केली. गायिका उभ्याने तासन्‌तास कथा गाते आणि ढोलवाला तिच्या डाव्या हाताला बसतो. त्याचं निम्मं काम हातांचं, निम्मं तोंडाचं. लांबलचक ओळ संपताना तिचा दम तुटायला आला, की नेमकं तिथे त्याने "ओल्स्सिगू!" म्हणून दाद द्यायची. त्या शब्दाच्या आधारावर ती पुढचा श्वास घेते.

बावीस वर्षांपूर्वी मानहोंनी तो शब्द गिळला होता. गाणारी होती त्यांची स्वतःची मुलगी सेरिम, एकोणीस वर्षांची. जॉन्जूच्या पानसोरी स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांना कळलं, की पोरीने गुपचूप सेऊलला जाऊन पॉप गाण्यांच्या कंपनीत चाचणी दिली आहे. ते काही बोलले नाहीत. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. मंचावर त्यांनी ढोल चोख वाजवला, एक ठोका इकडचा तिकडे नाही. फक्त दादेच्या जागी तोंड मिटून बसले. सेरिमने डावीकडे पाहिलं. त्यांनी ढोलाकडे पाहिलं. पोरीचा आवाज चिरकला आणि स्पर्धा हातची गेली. आठवड्याभरात तिने बॅग भरली. नंतर सणावारी फोन, तब्येतीची विचारपूस, संपलं.

सेरिमचं नाव झालं. ती टीव्हीवर आली की मानहो टीव्ही बंद करायचे. हट्ट म्हणून सुरू झालेलं ते पुढे लाजेपोटी चालू राहिलं, कारण आपण काय केलं ते त्यांना पुरतं कळत होतं. यंदा नामवॉनच्या वसंतातल्या जत्रेत तिचा दुपारचा कार्यक्रम ठरला, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की राहिलेली दाद देऊन टाकायची. मरायच्या आत.

दोन तास आधी जाऊन त्यांनी मंचासमोर तिच्या डाव्या हाताला येईल अशी खुर्ची पकडली. शेजारी यूजोंग नावाची नर्स बसली होती, सेरिमची चाहती, सुट्टी काढून सेऊलहून आलेली. तिने त्यांच्या हातात एक छापील कागद ठेवला. कुठल्या ओळीला सगळ्यांनी मिळून काय ओरडायचं, ते त्यावर लिहिलेलं होतं.

"दादसुद्धा कागदावर वाचून देता होय?" मानहोंनी विचारलं.

"सगळे एका सुरात ओरडायला नकोत का, आजोबा? पण हे बघा, इथे मात्र चिडीचूप. ही लांब ओळ संपली की ती डावीकडे बघते. पहिल्यापासूनची स्टाइल आहे तिची. आम्ही तिला डावी नजर म्हणतो."

मानहोंनी कागदावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. पोर बावीस वर्षं त्याच जागी वळून बघत होती. आणि लोकांना ती अदा वाटत होती.

गाणं सुरू झालं. सूर नवे, कपडे चमचमते, पण ओळ ओढायची रीत त्यांनीच घोटून घेतलेली. ओळ संपली, हजारो माणसं गप्प झाली, सेरिमने डावीकडे पाहिलं. मानहो उठून उभे राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हणाले, "ओल्स्सिगू!"

लोक हसले. सेरिमची पापणीही हलली नाही. नजर त्यांच्या डोक्यावरून गेली आणि ती पुढची ओळ गाऊ लागली.

कार्यक्रमानंतर मानहो मुकाट सह्यांच्या रांगेत उभे राहिले. पुढे यूजोंग होती, अजून धुसफुसत. तिने सेरिमकडे तक्रारच केली, की या आजोबांनी शांततेचा विचका केला, मधेच ओल्स्सिगू म्हणून ओरडले.

सेरिमचं पेन थांबलं. तिने मान वर केली. तिच्या गळ्यात इअरफोनच्या दोन बारीक वायरी लोंबत होत्या.

"अप्पा, गाताना माझ्या कानात हे असतं," ती म्हणाली. "संगीत सोडून काही ऐकू येत नाही."

"असू दे. जागा तर चुकली नाही ना?"

"जागा तेव्हाही चुकली नव्हती, अप्पा."

मानहोंना वर बघवेना. रांग खोळंबली होती. मग ती हळूच म्हणाली, "आता म्हणा ना. एकदाच."

त्यांनी तोंड उघडलं. शब्द येईना. दाद अशी मागितली म्हणून देता येत नाही. आधी कुणाचा तरी दम तुटावा लागतो.

"तू एक ओळ गा," ते म्हणाले. "अर्धी गा."

सेरिमने गळ्यावर हात ठेवला. तिला न्यायला गाडी उभी होती. "संध्याकाळी ग्वांगजूला कार्यक्रम आहे, अप्पा. आवाज राखायचाय."

मानहोंनी मान डोलावली. कार्यक्रमाच्या दिवशी उगाच गळा उघडायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.