शिप्रेच्या सूचनेवरचा ठळक टॅग

मित्रांनो, मी वेबपानामागच्या लिखाणातला एक जुना टॅग, म्हणजे एक खूण आहे. मला तुम्ही कधी पाहिले नसेल. दोन टोकदार कंस आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी 'बी' हे अक्षर, एवढाच माझा देह. पण मी ज्या शब्दांच्या आधी उभा राहतो ते ठळक होतात, जाड आणि काळेभोर. ते शब्द संपले की माझा जोडीदार येतो. त्याच्या कंसात 'बी'च्या आधी एक तिरपी रेघ असते. तो सांगतो, "बस, इथपर्यंतच." मग पुढची अक्षरे पुन्हा साधी होतात. तो आला नाही, तर मला थांबताच येत नाही.

वेबपान ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. तिथे आमचे मोठे कुटुंब आहे. कोणी मथळा मोठा करतो, कोणी परिच्छेद पाडतो, कोणी अक्षरे तिरकी करतो. ओळ तोडणारा बिचारा एकटाच असतो. बाकी आम्ही बहुतेक जण जोडीने राहतो.

मला उज्जैनच्या विजयाताईंनी लिहिले. त्या शाळेत संगणक शिकवत. मुले घाईघाईने मला लिहीत आणि जोडीदाराला विसरत. ताई रागवत नसत. म्हणत, "लोणच्याची बरणी उघडलीस ना? मग झाकण कोण लावणार, शेजारचे?" मुले हसत आणि झाकण लावत.

निवृत्त झाल्यावर ताईंनी उज्जैनच्याच फ्रीगंज भागातल्या मराठी मंडळाचे पान तयार केले. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू या मंडळात उतरतात, जेवतात. खोल्या, जेवणाच्या वेळा, गुरुजींचे फोन, सगळे त्या पानावर होते. मधोमध एक ओळ होती, 'आजची सूचना'. ताईंनी मला तिथे नेमले. साऱ्या मजकुरात ठळक अशी ती एकच ओळ. रोज सकाळी शिप्रा नदीच्या राम घाटावरची फुलवाली दुर्गा ताईंना फोन करून नदीची खबर देई आणि ताई सूचना बदलत. लोक म्हणत, "पान उघडलं की ती काळी ओळ आधी वाचायची." ते ऐकून मला धन्य वाटे.

पुढे रंगीत, हलती पाने आली. आमच्या पानाला लोक जुनाट म्हणू लागले. मला वाईट वाटे, पण माझे काम चालू होते.

यंदा भय्यासाहेब मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांनी सचिव परागला विचारले, "पत्रिकेत अध्यक्षाचं नाव जाड छापतात. मग पानावर असं मरतुकडं का?"

"अभी करतो, भय्यासाहेब. दो मिनिट."

परागचे मोबाइलचे दुकान. समोर गिऱ्हाईक उभे. त्याने भय्यासाहेबांच्या नावाआधी माझ्यासारखा एक टॅग ठेवला आणि जोडीदाराला विसरला. झाले! भय्यासाहेबांखालची सगळी कार्यकारिणी काळी झाली. खोल्या काळ्या, जेवण काळे, फोन काळे. परागला स्वतःचेही नाव जाड दिसले. त्याला ते बरेच वाटले असावे.

दुसऱ्या सकाळी दुर्गाचा आवाज घाबरलेला होता. "दीदी, नदी चढ़ गई है। नीचे की सीढ़ियाँ दिख ही नहीं रहीं।"

ताईंनी माझ्या आणि जोडीदाराच्या मध्ये घाईने लिहिले, 'आज शिप्रेला पाणी चढले आहे. घाटाच्या पायऱ्या उतरू नका. विधी वरच करा.' पान उघडून न बघताच त्या चहा ठेवायला गेल्या.

मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने काळा झालो. पण काळ्यांच्या गर्दीत काळा कोणाला दिसणार?

स्टेशनवरून रिक्षाने घाटाकडे निघालेल्या निहारिकाने फोनवर पान उघडले. शेजारी तिचे आजोबा, अण्णा. आजीच्या वर्षश्राद्धासाठी ते दोघे आले होते. तिचा अंगठा माझ्यावरून सरकला. थांबला नाही. "सगळं नेहमीचंच आहे, अण्णा," ती म्हणाली आणि पान मिटले. पान मिटले की वाचणाऱ्याचे पुढे काय झाले ते मला लगेच कळत नाही. अण्णा कुठवर पोचले असतील, याच काळजीने माझा जीव टांगणीला लागला.

इकडे चहा घेताना ताईंनी मंडळाचा ग्रुप पाहिला. परागने लिहिले होते, 'अध्यक्षांचे नाव ठळक केले आहे.' खाली सगळ्यांचे अंगठे आणि फुले. ताईंनी कप खाली ठेवला.

"एकाचं नाव जाड झालं आणि बाकीचे खूश? फोटोत मागे उभं केलं म्हणून कार्यकारिणीतल्या मीनावहिनी जेवायला आल्या नव्हत्या! काहीतरी गडबड आहे."

त्यांनी पान उघडले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. परागला फोन लावून त्या म्हणाल्या, "अरे बाबा, झाकण कुठाय?"

"कसलं झाकण, ताई? सगळे तारीफ करताहेत!"

"नदी चढलीय, आणि ती ओळ दिसत नाहीये, पराग!"

फोन तसाच टाकून त्या लिहायला बसल्या. घाई नडली. रेघ उलट्या बाजूला कलली. पानावर नुसतीच वेडी खूण उमटली, काळेपणा हटेना. त्यांनी ती खोडून पुन्हा लिहिली. भय्यासाहेबांच्या नावामागे जोडीदार उभा राहिला, आणि पान एका क्षणात उजळले. पण तोवर कोण कोण वाचून गेले, हे ताईंना कळायला मार्ग नव्हता. त्या पडद्याकडे बघत बसून राहिल्या.

घाटावर निहारिकाला गुरुजींचा नंबर हवा होता. तिने पान नव्याने उघडले. आता साऱ्या पानात काळा मी एकटाच होतो.

"अण्णा, थांबा! उतरू नका!"

"अगं, नुसते पाय धुतो."

"अण्णा, मागे या म्हणते ना!"

अण्णांचा एक पाय पाण्यात गेला होता. तिने त्यांचा दंड धरून ओढले. पाय वर आला. चप्पल मात्र गढूळ पाण्यात फिरली आणि दिसेनाशी झाली.

दुपारी अण्णा एकाच चपलेने मंडळात जेवायला आले. "एक चप्पल शिप्रामाईला दिली," ते हसून म्हणाले. निहारिकाने सकाळची हकीकत सांगितली. विजयाताईंनी ताट बाजूला सारले. भय्यासाहेब पंगतीत वाढत होते. त्यांनी भाताचे पातेले खाली ठेवले.

"पराग, माझं नाव साधं कर. आत्ता, माझ्यासमोर."

"आणि झाकण सांभाळून," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस पाने लिहाल. उघडाल ते आठवणीने बंद करा. लिहिलेले एकदा उघडून बघा. आणि मला जपून वापरा, मोजक्याच शब्दांना द्या, म्हणजे गरज पडेल तेव्हा माझी हाक ऐकू येईल.

मी अजून त्याच ओळीत आहे. दुर्गाचा फोन वाजला की आजही धास्तावतो. कधी ती म्हणते, "सब ठीक है, दीदी." मग ताई मधले शब्द पुसतात, आणि मी आणि माझा जोडीदार रिकामेच शेजारी शेजारी उभे राहतो. पानावर आमचा मागमूसही नसतो. तो दिवस मला सगळ्यात आवडतो.