परत आल्यावरचा रकाना

‘आत्या खोलीबाहेर गेल्यावर बाळ रडत नाही. विशेष ओढ दिसत नाही.’ एवढ्या दोन वाक्यांवर गोटी सोमवारी बापाच्या घरी जाणार होती. आत्यानं तो अहवाल तीनदा वाचला आणि तिसऱ्या वेळी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओढ नाही म्हणे! गोटी आठ दिवसांची असताना तिची आई गेली. बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, महिनाभरात परगावी नोकरीला निघून गेला. दुःख झालं होतं त्याला, मान्य. पण दुःख काय त्याच्या एकट्याच्याच वाट्याला आलं होतं? चौदा महिन्यांत खेळण्यांची तीन खोकी आली, तो एकदाही आला नाही. आता दुसरं लग्न झालं, घर थाटलं, तेव्हा साहेबांना पोरगी आठवली.

आत्याचं इस्त्रीचं दुकान. मागच्या खोलीत गोटीला खेळायला लाकडी कठडा, पुढे कपडे घेण्याचं टेबल, मध्ये पडदा. गिऱ्हाइकानं घंटी वाजवली की आत्या ‘आलेच हं’ म्हणून पडद्याबाहेर जायची आणि गठ्ठा घेऊन परत यायची. दिवसातून चाळीस वेळा तरी. आठव्या-नवव्या महिन्यात गोटीनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. आत्याही हट्टी. कितीही घाई असो, सांगितल्याशिवाय जायचं नाही आणि सांगितलं की यायचंच. मग कधीतरी पोरीला उमगलं, ही बाई जाते तशी येते. तेव्हापासून ती खुशाल खेळायला लागली.

आणि नेमकं हेच तिच्या मुळावर आलं.

मुलांच्या ताब्याचे वाद सोडवणाऱ्या ज्या कचेरीत भावानं अर्ज केला होता, तिथं चाचणीसाठी एक खोली होती. जमिनीवर सतरंजी, थोडी खेळणी आणि भिंतीत काच. आतून आरसा दिसे, पलीकडून सगळं दिसे. मानसतज्ज्ञ बाईंनी चाचणीआधी छान समजावलं होतं. “बाळ जन्मतःच एखादं हक्काचं माणूस शोधत असतं. नुसतं दूध पाजणारं नव्हे. हाकेला येणारं, भीती वाटली की कुशीत घेणारं. असं माणूस आहे याची खात्री असली की ते बिनधास्त लांब जाऊन खेळतं. म्हणून तुम्ही जाताना ते किती रडतं, यापेक्षा तुम्ही परत आल्यावर काय करतं, ते मी बघणार.”

आत्याला ते पटलंही होतं. ती ‘आलेच हं’ म्हणून बाहेर गेली. गोटीनं मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा डबा आपटायला लागली. तीन मिनिटांनी आत्या आत आली तर पोरगी हातातलं टाकून दुडुदुडु धावत आली आणि मांडीत तोंड खुपसून बसली. तिला कडेवर घेऊन आत्या बाहेर पडली, तेव्हा बाई जिन्यापाशी फोनवर बोलत उभ्या होत्या. तेव्हा तिनं त्याकडे लक्ष दिलं नाही. आता राहून राहून तेच डोळ्यांपुढे येत होतं.

भावाची चाचणी त्यानंतर झाली. त्यानं उचलल्यापासून गोटी किंचाळत होती. तो बाहेर गेला तरी किंचाळत होती. त्याच्या कागदावर काय, तर ‘गेल्यावर बाळ रडते’!

आत्या गोटीला घेऊन तडक कचेरीत गेली. भाऊ आधीच तिथं बसला होता, हातात पेन. सोमवारच्या कागदावर सही करायची होती.

“बाई, मी परत आल्यावर गोटीनं काय केलं?”

बाईंनी फाइल उघडली. त्या रकान्यात नुसती रेघ होती.

“तुम्ही फोनवर होता,” आत्या म्हणाली. “जे बघणार म्हणालात तेवढंच बघितलं नाहीत! माझी पोर रडली नाही, कारण मी येणार हे तिला ठाऊक होतं. तुम्ही तिच्या भरवशाला परकेपणा म्हणालात. तुमच्या घरची असती तर चाललं असतं का?”

बाईंचा चेहरा उतरला. “चूक झाली,” त्या म्हणाल्या. “आत्ताच पुन्हा घेऊ.”

या वेळी काचेपलीकडे बाईंशेजारी भाऊही उभा राहिला. आत्या गेली, गोटी थोडी कुरकुरली, खेळली. आत्या आली, गोटी धावली, चिकटली आणि मिनिटभरात उतरून पुन्हा डब्याकडे गेली.

“घट्ट नातं आहे,” सगळे परत टेबलापाशी आल्यावर बाई म्हणाल्या. “अहवाल बदलते. मात्र एकावर असा विश्वास बसलेलं मूल दुसऱ्या घरातही लवकर रुळतं, त्यामुळे वडिलांकडे जायला तशी अडचण...”

“वा!” आत्या कडाडली. “ओढ नाही म्हणून न्यायची, आणि आहे म्हणूनही न्यायची! छापाही तुमचा, काटाही तुमचाच!”

“ताई, मी बाप आहे तिचा,” भाऊ हळूच म्हणाला.

“आहेस की! पण तिला कोण सांगणार? मी आजवर तिच्यासमोरून हजारदा गेले नि हजारदा आले. तू एकदाच गेलास.”

गोटी खोलीतून आणलेला डबा घेऊन भावाच्या बुटापर्यंत आली, तिनं वर पाहिलं आणि ती झटकन आत्याच्या मागे लपली. त्यानं सही न करताच पेन टेबलावर ठेवलं.

“मग मी काय करू?”

“रोज ये. बस. सांगून जा. परत ये. ती आपणहून तुझ्याकडे येईल त्या दिवशी मी स्वतः तिचे कपडे भरून देईन.”

“उद्या साडेपाचला येतो,” तो म्हणाला.

“मला नको सांगूस, तिला सांग,” आत्या म्हणाली. “आणि नीट विचार करून सांग. मला फसवलंस तर मी भांडेन, चार लोकांत तुझी लाज काढेन. तिला फसवलंस तर ती चार दिवस रडेल. मग रडायचंसुद्धा सोडून देईल, आणि तुम्ही सगळे म्हणाल, किती शहाणं बाळ आहे.”