पुसून टाकलेल्या सोळा रेषा

मित्रांनो, मी एक जुनी, दोन माणसांपुरती, उघड्या छपराची स्पोर्ट्स कार आहे आणि सध्या मी फार वैतागलेली आहे. आपली कहाणी सांगताना आधी जन्म सांगावा, मग पराक्रम सांगावा आणि तक्रार असलीच तर शेवटी हळूच सांगावी, अशी रीत आहे हे मला ठाऊक आहे. पण तक्रार आधीच तोंडातून निसटली. मला नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. आयुष्यभर मी आवाज करत आले, पण त्यातला कोणाला किती कळला, देव जाणे.

जन्माचे थोडक्यात सांगते. एका लांबलचक कारखान्यात माझे कापडी छप्पर एका बाईने शिवले. शिवून झाल्यावर तिने मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन तीनदा उघडून-लावून पाहिली आणि शेजारच्या माणसाला बजावले, "छप्पर मागे टाकायच्या आधी ही चेन उघडायची असते, हे गिऱ्हाइकाला सांगायला सांगा. नाहीतर खिडकी मोडेल." निरोप पुढे गेलाच नाही. माझ्या पहिल्या मालकाने पहिल्याच आठवड्यात खिडकीला अशी घडी पाडली, की ती अजून आहे. वैतागाची सुरुवात तेव्हापासून धरायला हरकत नाही.

ते दिवस वाईट नव्हते, खोटे कशाला बोलू. सिग्नलला लोक वळून पाहत. शाळेच्या बसमधली मुले हात हलवत. मालक दर सुट्टीला मला धुऊन चकचकीत करी. पण माझ्या सीटच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांत, छपरावरचे पाणी वाहून जायला बोटभर भोके आहेत. त्यांत पानांचा चुरा साचतो. एक जाडसर दोरी आत सरकवून वर-खाली केली की काम झाले. सात वर्षांत ती दोरी एकदाही आली नाही. पाणी सीटखाली मुरले, गालिचा कुजला आणि लोक नाकाला रुमाल लावून म्हणू लागले, "गाडीला वास येतो." जणू तो मी हौसेने तयार केला होता.

पुढे मालकाला जुळे झाले. दोन माणसांच्या गाडीत चार माणसे कशी बसणार? मला एका धुलाईच्या दुकानामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवले, "थोडे दिवस" म्हणून. ते थोडे दिवस अकरा वर्षे चालले.

तिथून मला बाहेर काढले ते दाताच्या डॉक्टरांनी. हे माझे सध्याचे मालक. वय अठ्ठावन्न, बोलणे मऊ, हात त्याहून मऊ. ते आपल्या मोठ्या बहिणीबरोबर राहतात. तिला सगळे ताई म्हणतात. ताईंनी पस्तीस वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काम केले आहे. तिथे पोट शिवण्याआधी कापसाचे बोळे आणि कात्र्या मोजायच्या असतात. ती मोजायची सवय त्यांना अजून सुटलेली नाही. त्या जिन्याच्या पायऱ्या मोजतात, भाजीतले वाटाणेसुद्धा मोजत असाव्यात.

डॉक्टरांनी माझ्यावर जीव लावला, यात शंका नाही. पण कुठे लावला ते ऐका. माझ्या ब्रेकचे तेल काळे पडले होते, रबरी नळ्यांना चिरा गेल्या होत्या, कोपऱ्यातली भोके तुंबलेलीच होती. आणि डॉक्टरांनी आणले काय, तर नवे छोटे स्टिअरिंग. ते इतके छोटे, की त्याच्या आड वेगाचा काटाच दिसेना. मग कडक स्प्रिंगा आणल्या. पहिल्याच फेरीनंतर ताई म्हणाल्या, "मला घरी सोड आणि मग ज्यांना मणक्यांची गरज नाही त्यांना फिरव." मग आला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. तापाने फणफणलेल्या माणसाला नवा कोट शिवावा, तसे चालले होते. मी ओरडून सांगत होते, पण त्या सायलेन्सरपुढे माझे कोण ऐकणार?

या सगळ्यामागे डॉक्टरांचे एक स्वप्न होते. शहराबाहेर शर्यतीचा ट्रॅक आहे. तिथे वर्षातून दोनदा हौशी लोकांना आपली गाडी पळवायला मिळते. डॉक्टरांनी नाव नोंदवले होते. आयुष्यात एकदा तरी त्या लांब सरळ रस्त्यावर मला सोडायचे आणि टोकाच्या वळणावर ब्रेक दाबायचा. सुदैवाने ताईंनी अट घातली, "गॅरेजमधले मिस्त्री हो म्हणाले तरच."

मिस्त्री हे माझ्या आयुष्यात आलेले पहिले शहाणे माणूस. त्यांनी मला जॅकवर चढवले, खाली झोपून एकेक नळी बोटाने चाचपून पाहिली. मग म्हणाले, "डॉक्टर, पळवायचं नंतर बघू. आधी थांबवायचं बघतो." त्यांनी ब्रेकचे तेल बदलले, नळ्या बदलल्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या मोठ्या चकत्या बसवल्या. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेकचा जबडा असतो, तोही चारही चाकांना नवा बसवला. दोरी घालून भोकेसुद्धा मोकळी केली. मी रडले असते, पण पाणी निघून गेले होते.

मिस्त्रींची एक पद्धत आहे. महत्त्वाचा बोल्ट ते एका खास पान्याने आवळतात. ठरलेला जोर लागला की पाना 'कट' असा आवाज करतो. तो आवाज आला की ते पिवळ्या रंगाची एक बारीक रेष ओढतात, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा जरी फिरला तर रेष तुटते. बघणाऱ्याला पाना लागत नाही, नुसते डोळे पुरतात. प्रत्येक चाकामागे असे चार बोल्ट, दोन जबड्याचे आणि दोन तो ज्यावर बसतो त्या पट्टीचे. त्या दिवशी ताईंनी दिवा धरला होता. "सोळा," त्या शेवटी म्हणाल्या. "सोळाच," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टर, नवा माल आहे, बसायला वेळ घेतो. शंभर किलोमीटर झाले की आणा. मी रेषा बघणार, मगच ट्रॅक." डॉक्टर तेव्हा फोनवर होते. त्यांनी मान हलवली.

आता जे घडले ते सांगताना मला अजून कसेसेच होते.

ट्रॅकच्या आदल्या रविवारी डॉक्टरांनी मला अंगणात घेतले. चाकांच्या मोकळ्या आऱ्यांमधून त्यांना ब्रेकच्या जबड्यावर पिवळे ठिपके दिसले. ज्या माणसाने तीस वर्षे लोकांच्या दातांवरचा पिवळेपणा घासून काढला, त्याला हे कसे सहन व्हावे? त्यांनी दवाखान्यातले स्पिरिट आणले, एक मऊ ब्रश आणला आणि गुडघे टेकून, अगदी प्रेमाने, वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत घासावे तसे सगळे स्वच्छ केले. गरज पडली तिथे चाक काढून केले. मधूनमधून ते "आता कसं" असेही म्हणत होते. मी काय करणार होते? मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याने वाजवावा लागतो.

मिस्त्रींकडे शंभर किलोमीटरनंतर न्यायचे ते राहूनच गेले.

ट्रॅकच्या दिवशी सकाळी छप्पर उघडून आम्ही निघालो. पुढच्या डाव्या चाकाच्या जबड्याचा खालचा बोल्ट सैल होत चालला होता, हे मला एकटीला कळत होते. प्रत्येक सिग्नलला ब्रेक दाबला की जबडा हलायचा आणि टक् व्हायचे. मी जीव तोडून ते टक् करत होते. वर सायलेन्सर गुरगुरत होता. माझी भीती एकच होती. लांब रस्त्याच्या टोकाला हा भला माणूस विश्वासाने ब्रेकवर पाय ठेवील आणि मी थांबणार नाही.

"काहीतरी वाजतंय," ताई डोक्याचा रुमाल धरत म्हणाल्या.

"इंजिन गातंय, ताई."

"मला गाण्यातलं कळत नाही. पण कोणीतरी मधेच टाळ्या वाजवतंय."

"तुला काय, मला आनंद झाला की ऐकू कमी येतं आणि खोट काढायची झाली की जास्त."

ट्रॅकवर तपासनीस आले. त्यांनी डॉक्टरांचे हेल्मेट पाहिले, बॅटरी हलवून पाहिली, मागचे दिवे पाहिले आणि काचेवर नंबर चिकटवला. चाकाआड पाहणे त्यांच्या कागदावर नव्हते. मी त्यांना दोष देत नाही, पण वैताग तर येणारच ना?

डॉक्टर हेल्मेट घालून आत बसले. आमच्या पुढे चार गाड्या होत्या. ताई घडीच्या खुर्चीवर, माझ्या डाव्या चाकाशेजारी, थर्मासमधला चहा ओतून घेत होत्या. सवयीने त्यांची नजर आऱ्यांमधून आत गेली. कप तसाच हातात राहिला. त्या उठल्या, वाकून मागचे चाक पाहिले, पलीकडे जाऊन आणखी दोन पाहिली.

"पिवळ्या रेषा कुठं गेल्या रे?"

"कुठल्या? ते डाग? काढले मी."

"किती काढलेस?"

"सगळे. सोळा होते," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "एकही सोडला नाही."

"मोजलेस, आणि कशाचे आहेत ते विचारलं नाहीस?"

पुढची गाडी सुटली. आमच्या पुढे तीन राहिल्या. ताईंनी चहा जमिनीवर ओतला, माझ्या पुढच्या बाजूला आल्या आणि माझ्या बॉनेटवर चढून बसल्या. सहासष्ट वर्षांच्या बाई, नायलॉनची पर्स मांडीवर घेऊन. पत्रा थोडा दबला. मित्रांनो, माझ्यावर आजवर पडलेले ते सगळ्यात गोड वजन होते.

"ताई, उतर. लोक बघतायत."

"बघू देत. बोळा मोजून कमी भरला तर सर्जनसुद्धा पोट शिवत नाही. कितीही मोठा असला तरी हात वर करून उभा राहतो."

"ही गाडी आहे."

"हो. आणि तिच्या पोटात तू बसलायस. मिस्त्रींना फोन लाव."

डॉक्टरांनी रागाने फोन लावला. मिस्त्रींचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"शंभर झाले का, डॉक्टर?"

"दोनशे झाले असतील."

"मग आला नाहीत ते? बरं, रेषा जुळलेल्या आहेत की तुटल्यात?"

"रेषा नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"मला वाटलं डाग आहेत. घासून काढले."

तेवढ्यात आमच्या पुढची आणखी एक गाडी सुटून गेली. मग मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही माझ्या दाढेत चांदी भरलीत. काळी दिसते म्हणून मी ती घरी जाऊन खरवडली का?"

डॉक्टरांनी हेल्मेटची काच वर केली.

"हातमोजे घातले असतील तर काढा. आऱ्यांमधून हात घाला आणि ब्रेकचा जबडा हलवून बघा. चारही चाकं. किती हलतो ते मला सांगा."

डॉक्टर उतरले. पुढच्या डाव्या चाकाशी गुडघ्यावर बसले आणि दोन बोटे आत घातली. ती दोन बोटे मी ओळखते. लोकांच्या तोंडात जाऊन कुठली दाढ टिकेल आणि कुठली जाईल, हे त्या बोटांना डोळ्यांआधी समजते. त्यांनी हलकेच दाबले, मग सोडले, मग पुन्हा दाबले. त्यांचा चेहरा बदलला.

"खालून सुटलाय," ते हळू आवाजात म्हणाले. रोग्याला वाईट बातमी सांगतात तो आवाज. "वरच्या एकाच बोल्टवर आहे."

"मग आता हलवू नका," मिस्त्री म्हणाले. "चालवूही नका. ट्रकवर घालून आणा."

आमचा नंबर पुकारला गेला. डॉक्टरांनी हेल्मेट काढले आणि हाताने नाही म्हणून खूण केली. ताई बॉनेटवरून उतरल्या. त्यांनी थर्मास हलवून पाहिला आणि उरलेला चहा भावाला दिला. त्याची बोटे ब्रेकच्या काजळीने काळी झाली होती. कपही त्यांनीच धरला.

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी बोल्टला हात लावला नाही. त्यांनी पाना डॉक्टरांच्या हातात दिला. "सोळा," एवढेच म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. डॉक्टर पाठीवर झोपून माझ्याखाली आले. सदऱ्याला ग्रीस लागले, नाकावर धूळ पडली. प्रत्येक 'कट'नंतर त्यांनी जीभ किंचित बाहेर काढून एक पिवळी रेष ओढली. काही वाकड्या आल्या. मिस्त्रींनी त्या चालवून घेतल्या.

तुम्हाला वाटेल, आता सगळे सुधारले. तसे नाही. परवाच डॉक्टर ताईंना कागदावर शर्यतीच्या गाड्यांना मागे असतो तशा एका पंखाचे चित्र दाखवत होते. मी कपाळाला हात लावला असता. छपराची चेन उघडायला ते दहातून चार वेळा विसरतात. मीसुद्धा कुरकुर करणारी म्हातारी होत चालले आहे की काय, अशी शंका मला येते. कदाचित होतही असेन.

पण पुढच्या खेपेला, शंभर किलोमीटर आणि मिस्त्रींची तपासणी झाल्यावर, आम्ही ट्रॅकवर गेलो. आम्ही चौदांत चौदावे आलो. लांब रस्त्याच्या टोकाला डॉक्टरांनी ब्रेक दाबला आणि मी जिथे थांबायला हवे तिथे थांबले. टाळ्या पडल्या त्या पुढे पळणाऱ्या लाल गाडीला. थांबण्याला टाळ्या पडत नाहीत.

फेऱ्या संपल्यावर डॉक्टर उतरले. हेल्मेटसुद्धा न काढता आधी डाव्या चाकापाशी उकिडवे बसले, हात मागे बांधून, कारण जबडा तापलेला होता. बराच वेळ आत पाहत राहिले. मग उठून दुसऱ्या चाकापाशी गेले.

मित्रांनो, तुमच्या घरात जे काही फिरते, चालते, तुम्हाला वाहून नेते, सायकल असो की आजीची चाकांची खुर्ची, त्याला काही नवे बसवायच्या आधी एकदा असे खाली बसून बघा. कोणी त्यावर खूण केली असेल तर पुसण्याआधी विचारा. उभ्याने पाहिले तर आम्ही सगळेच ठीक दिसतो.