हरणाबाईचं उभं राहणं

दम्यामुळं वाडीनं हरणाबाईला देवाची बाई केली. खरं सांगायला जावं तर लोक अंगावर धावून आले असते, म्हणून तीन वर्षं कुणी तोंड उघडलं नाही. ती स्वतः तर नाहीच. तिला बोलायला दम होता कुठं?

बहात्तरच्या दुष्काळात ती म्हसवडच्या रस्त्यावर सरकारी कामावर खडी फोडत होती. वय अडतीस. तोवर मेंढरांमागं दिवसाला आठ कोस चालणारी बाई. तिथं छाती भरली ती भरलीच. आडवं झालं की नरड्यावर कुणी पाय दिल्यागत व्हायचं. त्या दिवाळीत वाडीतल्या सिद्धनाथाच्या देवळात लोकांनी उभ्याचं नवरात्र धरलं होतं. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत बारा दिवस बसायचं नाही, पाठ टेकायची नाही. डुलकी आलीच तर टांगलेल्या दोरीवर रेलायचं. घरातल्या धुरानं गुदमरणारी हरणाबाई मोकळ्या वाऱ्याला म्हणून देवळात आली आणि खांबाला धरून उभी राहिली. तिला बसवतच नव्हतं. लोकांनी तिलाही उभ्यांत मोजलं. पुढल्या साली पाऊस झाला. मग काय विचारता! पाऊस हरणाबाईनं आणला.

बाया पाया पडू लागल्या. तिचा नवरा केरबा, ज्याला वाडीत कुत्रं विचारत नव्हतं, तो पुजारी नानासोच्या मांडीला मांडी लावून बसू लागला. बाई श्वासासाठी तडफडत होती, आणि हे शहाणे तिच्या नाकाशी धूप धरत होते.

पंचाहत्तरच्या आश्विनात तिचे ओठ निळे पडले. तिचा भाऊ धुळा पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्यानं कुणाला विचारलं नाही, बहिणीला एस.टी.त घातली आणि सांगलीच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी शिरेत सावकाश सुई दिली. दुसऱ्या दिवशी तिला शब्द फुटला, तेव्हा ते खाटेपाशी बसले.

"बाई, हा मोठेपणी येणारा दमा. लय चिवट. श्वासाच्या नळ्या आतनं सुजल्यात. ती सूज काढ्यानं, धुपानं उतरत नाही. ह्या गोळीनं उतरते." त्यांनी बारीक पांढरी गोळी दाखवली. "रोज आठ. मग मी लिहून देतो तशी चार-चार दिवसांनी एक कमी. पण एकदम सोडायची नाही. हा माल अंग स्वतः बनवतं. बाहेरून मिळायला लागला की ते बनवायचं थांबतं. मधेच तोडलीत तर आतही काही नाही अन् बाहेरही काही नाही."

"कोकराच्या दुदागत," हरणाबाई म्हणाली. "एकदम तोडलं तर कोकरू मरतंय. आज एक येळ कमी, मग दुसरी. तवर ते पाल्याला लागतंय."

डॉक्टर हसले. "पुस्तकात इतकं सोपं नव्हतं. आणि छातीत पुन्हा शिट्टी वाजली तर परत आठ. घोंगड्यावर झोपायचं नाही."

"धनगराच्या बाईला घोंगडं न्हाई, मग हातरू काय, तुमचा कोट?"

वाडीत परतली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकून झोपली. घोरली. ते घोरणं ऐकून सगळ्या वाडीला घोर लागला.

पाडव्याच्या सकाळी नानासो दारात उभा. "हरणाबाई, औंदा बी उभं ऱ्हायचं हाय."

"आवं नानासो, म्या कवा देवासाठी उभी ऱ्हायली? मला बसाय येत नव्हतं!"

"देवच उभं करत हुता की! आन् उभ्यानं औषीद घ्यायचं नसतंय."

केरबानं गोळ्यांची पुडी उचलली. "बारा दिस देवापाशी ऱ्हाऊ दे. त्यो काय खातोय व्हय?"

"आजून तीन चालू हायती. डागदरानं सांगितलंय..."

"डागदर पाऊस पाडतोय का?"

धुळा पलटणीत परत गेला होता. चार बायांनी धरून नेलं, ती गेली. पुडी गाभाऱ्यात तबकाखाली गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला उलटी झाली. पाय कापसागत झाले. छातीत शिट्टी वाजली. ती दोरीला लोंबकळत थरथरू लागली, आणि कुणीतरी ओरडलं, "आंगात आलं! हलगी वाजवा!"

मरत्या बाईपुढं हलगी वाजली. नानासोनं धुपाटणं पुढं केलं. हरणाबाईनं ते असं लाथाडलं की निखारे उंबऱ्यापर्यंत उडाले. भिंत धरत ती गाभाऱ्यात शिरली, तबक उलथून पुडी काढली. आठ गोळ्या मोजल्या. देवापुढचं तीर्थ घेतलं आणि गिळल्या. मग उंबऱ्यात, सगळ्यांसमोर, मटकन बसली.

"बसली!" बायांनी तोंडावर हात ठेवले.

"पाऊस गेला, केरबा! तुझ्या बाईनं घालवला!" नानासो किंचाळला.

केरबा बायकोकडं बघत होता. तिच्या गळ्याचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. तीन वर्षं ती त्याच्या शेजारी होती, पण त्यानं तो खळगा आज पाहिला. त्यानं धोतराचा सोगा आवरला, धुपाटणं उचललं आणि पार गावाबाहेर, गावंदरीला नेऊन पालथं केलं. परत आला तेव्हा हलगी थांबली होती.

"हरणे, गाडी जुंपू का? सांगलीची एस.टी. घावंल."

तिनं होकाराची मान हलवली. छकड्यापर्यंत वीस पावलं, त्यात तिनं पाच वेळा थांबा घेतला.

सांगलीहून आठव्या दिवशी ती परत आली. तुळशीचं लग्न उद्यावर होतं. घरी न जाता ती देवळात गेली. दोऱ्यांना रेललेले सातजण सुजल्या पायांनी तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या मधोमध, भरदुपारी, हरणाबाई उघड्या फरशीवर पाठ टेकून आडवी झाली.

"ऊठ! देव बघतोय!" नानासो म्हणाला.

"बघू दे. आला पाऊस तर माझा न्हाई, न्हाई आला तरी माझा न्हाई."

तिनं कूस बदलली. केरबानं तिच्या उशाला आपला पटका ठेवला आणि दारात बसून राहिला, धूप घेऊन कुणी आत येऊ नये म्हणून.