खंडेनवमीचा पाठ

साक्रीच्या पुढे डोंगरालगतच्या गावात आमची दोनशिक्षकी शाळा आहे. निवृत्तीनंतर कंत्राटी शिक्षक म्हणून मला तिथे पहिली-दुसरीचा वर्ग मिळाला. मुख्याध्यापिका कामिनी मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या; मला नाना म्हणतात. मी पुस्तकांत रमणारा माणूस. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकतो. मुलांपुढे मात्र बरा बोलायचो.

तेही अलीकडे जमेनासं झालं होतं. ग्रामपंचायतीने टीव्ही दिला, एका संस्थेने टॅब दिले, गावच्या माजी विद्यार्थ्याने प्रोजेक्टर दिला, प्रशिक्षणात बोलणारा पेन मिळाला. शिवाय मोबाइलवर नाना तऱ्हेची ॲप. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि प्रत्येक देणाऱ्याला वापराचा फोटो हवा. काय लावावं हे ठरवण्यातच तास निघून जाई. तोवर मुलं एकमेकांचे केस ओढत. बोलणारा पेन पहिल्यांदा बोलला तेव्हा भूमिका नावाच्या मुलीने विचारलं, "सर, यामा कोन बसेल शे?" आत खरंच कोणी बसलंय का, म्हणून मीही पेन उलटा करून पाहिला. मुळाक्षरं मात्र तिला अजून येत नव्हती.

दसऱ्यानंतर नोकरी सोडायची, असं मी मनाशी ठरवलं. जावंसं वाटत नव्हतं. पण मुलांचं नुकसान करायचा मला काय हक्क?

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं धुऊन पुसून पूजतात. पूजलेल्या अवजाराला मग त्या दिवशी कोणी हात लावत नाही. शाळेतल्या पूजेची मांडणी माझ्याकडे होती. मी माझ्याच वर्गात चादर अंथरून टीव्हीपासून पेनापर्यंत सगळं मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. शाळा समितीचे अध्यक्ष झुलाल आबा यांनी नारळ फोडला. प्रसाद वाटून होतोय तोच बाहेर मोटारसायकल थांबली. केंद्रप्रमुख रुपचंद सर! आज ते माझा डिजिटल पाठ बघणार होते. मॅडमनी बजावून सांगितलं होतं आणि मी साफ विसरलो होतो.

"हं नाना, लावा टीव्ही," सर खुर्चीवर बसत म्हणाले.

मी रिमोटकडे हात नेला तशी भूमिका ओरडली, "सर, हात नका लावू! पूजा करेल शे!"

"पोर खरं बोलस," आबा म्हणाले. "मना ट्रॅक्टर बी आज दारमा उभा शे."

"आबा, टीव्ही काय अवजार आहे का?" सर म्हणाले.

"मंग पूजामा कशाले मांडा?"

"मला पाठाचा फोटो वर पाठवायचाय हो."

आबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "तुमनी फटफटीले बी हार शे, भाऊसाहेब. ती कशी काय चालनी?"

रुपचंद सर खान्देशातलेच. ते हसू दाबत म्हणाले, "वरतून आदेश शे, आबा!" मग माझ्याकडे वळले. "बरं, टीव्हीशिवाय घ्या. पण घ्या काहीतरी."

दुसरं काही सुचेना म्हणून मुलांना विचारलं, "तुमच्या घरी आज काय काय मांडलंय?" एकच कल्ला झाला. विळा, कुऱ्हाड, पेरणीची पांभर, पाण्याची मोटर, आईचं शिलाई मशीन. भूमिका म्हणाली, "मनी मायनी पाटा बी मांडा." मुलं सांगतील ते मी फळ्यावर लिहीत गेलो. ज्याने शब्द दिला त्यानेच तो दाखवायचा, असं ठरवलं. भूमिकाने 'पाटा' बरोबर दाखवला, मोठ्याने वाचला. मग त्या आनंदात 'विळा'सुद्धा 'पाटा' म्हणूनच वाचला. सगळे हसले. तिने परत पाहिलं, आणि बोटाने एकेक अक्षर धरत हळूहळू 'विळा' म्हटलं.

रुपचंद सरांनी फोटो काढला. पुढे फळा, मुलं आणि मी, बाजूला झेंडू वाहिलेलं सगळं साहित्य. "झालं काम," ते म्हणाले. "बठ्ठंच दिसतंय यात, सगळ्या देणाऱ्यांचं. कोणाची तक्रार नको."

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "नाना, दसऱ्यानंतर यातलं एकच उचलायचं. बाकी कपाटात. देणाऱ्यांशी मी बोलते."

"कोणतं उचलू?" तेवढंही मला ठरवता येईना.

"टीव्ही. सगळ्यांना एकदम दिसतो, आणि मला तेवढाच नीट चालवता येतो."

"म्हणजे तुम्हालासुद्धा…?"

"तो पेन माझ्याकडे कधी बोललाच नाही. म्हणून तर तुमच्या वर्गात दिला."

मला हसू आवरेना. इतके दिवस वाटत होतं, बुडतोय तो मी एकटाच.

"आणि सोडून जायचं मनात असेल तर आत्ताच सांगा," त्या गंभीर होत म्हणाल्या. "तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण तुम्ही जावं असं माझ्या मनात नाही."

दसऱ्याला मी साक्रीत त्यांच्या घरी सोनं द्यायला गेलो. आभाराचं एक चांगलं वाक्य वाटेत जुळवलं होतं. मी आपट्याची पानं पुढे केली, तर पाया पडायला त्या वाकल्या, आणि मी सगळं विसरलो.

"सोमवारी वेळेवर येतो," एवढंच म्हणालो.