मागच्या बाजूचा सातवा प्रश्न

मी तक्ता बोलतोय. शाळेच्या भिंतीवरचा नव्हे आणि डोळे तपासायचाही नव्हे. वॉशिंग्टनला खासदार म्हणून कुणाला पाठवायचं, यासाठी उभ्या राहिलेल्या दोन माणसांची मतं शेजारी शेजारी मांडणारा तक्ता. डावीकडे एक रकाना, उजवीकडे एक रकाना, मधे काळी रेघ. चार प्रश्न पुढच्या बाजूला, चार मागच्या. माझ्यासारखे आठ हजार छापले गेले आणि केटल बेंड व आसपासच्या गावांत टपालाने घरोघर पोचले. त्यातला मी एक. गेलं दीड वर्ष लुसिल हाउसर यांच्या फ्रिजवर गाईच्या आकाराच्या चुंबकाखाली लटकतोय.

बाकीच्यांचं काय झालं ते विचारू नका. बहुतेकांनी टपालाच्या पेटीपासून कचऱ्याच्या डब्यापर्यंत एवढंच जग पाहिलं. एकावर कुत्र्याच्या पिल्लाला शी-शूची शिस्त लावली गेली. पण आम्हा छापील कागदांत एक बरं असतं, एकाने ऐकलेलं सगळ्यांना कळतं. म्हणून मी जिथे नव्हतो तिथलंही सांगणार आहे.

माझा जन्म वाचनालयाच्या तळघरात झाला. तिथे केटल बेंड मतदार समितीची बैठक भरायची. सहा निवृत्त माणसं, एक कॉफीची किटली आणि लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या आंबटगोड वड्यांचा डबा. अध्यक्ष वर्ना लिंडक्विस्ट. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई. कुणाचंही बोलणं मधेच थांबवून ‘मुद्दा काय?’ असं विचारायची सवय अजून गेलेली नाही.

या समितीला एकच वेड होतं, निष्पक्षपणाचं. साधंसुधं नाही, सोवळं पाळावं तसलं. बैठकीला यायचं तर अंगणात कुणाच्याही प्रचाराची पाटी लावायची नाही. उमेदवाराबद्दल चांगलं बोलायचं नाही, वाईट तर नाहीच. उत्तर पंचाहत्तर शब्दांत द्यायचं, शहात्तरावा शब्द आला की वाक्य अर्धवट असलं तरी कात्री. डाव्या रकान्यात कुणाला बसवायचं हे नाणं उडवून ठरायचं आणि नाणं उडवणारा कुठल्याच पक्षात नोंदलेला नसायचा. त्या वर्षी तसा एकच माणूस सापडला, वाचनालयाचा झाडूवाला. त्याने नाणं उडवलं आणि क्लेटन मार्श डावीकडे आले, पॉला झिलिन्स्की उजवीकडे.

मार्श यांच्या पाट्या हिरव्या, झिलिन्स्की यांच्या नारिंगी. पक्ष कुणाचा कोणता ते मी सांगणार नाही. आईबापांचे गुण लेकरात उतरायचेच.

दोघांनीही उत्तरं वेळेवर पाठवली. म्हणजे त्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी पाठवली. शेतमालाच्या भावाबद्दल विचारलं तर मार्श यांनी पंचाहत्तरातले एकतीस शब्द आपल्या आजोबांवर खर्च केले. आजोबांचा दुधाचा गोठा होता, ते पहाटे उठायचे. झिलिन्स्कीबाई काही मागे नव्हत्या. त्यांचे आजोबा कागदाच्या गिरणीत होते आणि तेही पहाटेच उठायचे. दोन्ही आजोबा पुढे मागच्या बाजूच्या उत्तरांतही डोकावत राहिले. पूल दुरुस्त करणार का, या प्रश्नावर दोघंही ठामपणे कुटुंबांच्या बाजूने होते. पुलाच्या बाजूने कुणीच नव्हतं.

खरा फरक एकाच ठिकाणी होता. सातवा प्रश्न, मागची बाजू. केटल बेंडचा माजी सैनिकांचा दवाखाना चालू ठेवायला मत देणार का? झिलिन्स्कीबाईंचं उत्तर होतं, दवाखाना इथेच राहील, त्यासाठी मी मत देईन. मार्श यांचं उत्तर होतं, लहान दवाखाने परवडत नाहीत, तो नव्वद मैलांवरच्या मोठ्या रुग्णालयात विलीन करावा आणि रुग्णांना न्यायला-आणायला गाडी द्यावी. दोघांनीही आजोबांना बाहेर ठेवून सरळ उत्तर दिलं होतं. असं क्वचित घडतं.

आता माझ्या अंगातली खोट सांगतो. छापायच्या आदल्या आठवड्यात समितीतले हार्लन, आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, म्हणाले की पुढच्या बाजूला मार्श डावीकडे आणि मागच्या बाजूलाही मार्शच डावीकडे, हा झिलिन्स्कीबाईंवर अन्याय आहे. माणूस डावीकडून वाचतो. मग ठरलं, मागच्या बाजूला रकाने उलटे करायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याप्रमाणे मागच्या बाजूला नावं उलटी झाली. उत्तरं मात्र जागेवरच राहिली.

झालं. मागच्या चारही प्रश्नांत मार्श यांच्या नावाखाली झिलिन्स्कीबाई बोलू लागल्या आणि झिलिन्स्कीबाईंच्या नावाखाली मार्श. कच्चा कागद दोन्ही कचेऱ्यांना तपासायला गेला. अकरा मिनिटांत दोन्हीकडून ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं. पुढच्या बाजूला मार्श यांचे आजोबा गोठ्यात होते आणि पान उलटलं की कागदाच्या गिरणीत. माणसाला आजोबा दोन असतात, असं कुणी म्हटलं असतं तर मी निमूट बसलो असतो. पण तेवढं म्हणायलाही वाचावं लागतं.

लोकांनी मला कसं वापरलं, तेही ऐका. हिरवी पाटीवाले हिरव्याचा रकाना पाहायचे आणि म्हणायचे, किती मुद्देसूद! नारिंगीवाले नारिंगीचा पाहायचे आणि म्हणायचे, आपली बाई लाखात एक. मागच्या बाजूला दोघांचीही मतं बदलली होती, कौतुक मात्र तेवढंच. पेट्रोल पंपावर दोन सख्खे भाऊ माझ्यावरून हमरीतुमरीवर आले आणि दोघंही तावातावाने समोरच्याच्या उमेदवाराची बाजू मांडत होते.

मला शेवटपर्यंत वाचलं ते एकट्या लुसिलबाईंनी.

वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी झिलिन्स्कीबाईंच्या पक्षाला मत दिलं होतं, कारण त्यांच्या वडिलांनी दिलं होतं. नवरा एमेट सैन्यातून परतला तो पायाची जखम घेऊन आणि उतारवयात साखरेच्या आजाराने ती पुन्हा उघडली. मंगळवारी आणि गुरुवारी त्या दवाखान्यात पट्टी बदलायची. घरापासून सहा मिनिटं. तिथली परिचारिका एमेटच्या शिव्या ओळखत होती, कोणती शिवी दुखण्याची आणि कोणती नुसती सवयीची, हे तिला बरोबर कळायचं. दवाखाना राहतो की जातो, एवढाच लुसिलबाईंचा प्रश्न होता. त्यांनी चष्मा पुसला, मला टेबलावर पसरलं आणि सातव्या प्रश्नाखाली पेन्सिलीने रेघ मारली. ‘दवाखाना इथेच राहील’ हे मार्श यांच्या नावाखाली होतं.

त्यांचा विश्वास बसेना. म्हणून शुक्रवारी मला पर्समध्ये घालून त्या एमेटबरोबर लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॉलमध्ये गेल्या. शुक्रवारी सगळं गाव तिथे तळलेला मासा, बटाट्याचे काप आणि कोबीची कोशिंबीर खायला जमतं आणि उमेदवार हात मिळवत टेबलाटेबलावरून फिरतात. मार्श त्यांच्या टेबलापाशी आले तेव्हा बाईंनी मला पुढे केलं.

“हे तुम्हीच लिहिलंय ना? दवाखान्याबद्दल?”

मार्श यांनी माझ्यावर नजर टाकली. नजर नावावर पडली आणि तिथेच थांबली.

“माझं नाव आहे ना वर? मग झालं, मॅडम. लिहिलेल्या शब्दाला जागणारा माणूस आहे मी.”

एमेट मासा चावत म्हणाला, “बघ, माणूस सरळ दिसतोय.” पर्सच्या अंधारात मी शरमेने चुरगळून गेलो.

मतदानाला चार दिवस उरले असताना वर्नाबाईंना चूक सापडली. फाईलला लावताना त्यांनी मला पहिल्यांदाच मतदारासारखं वाचलं. दुसऱ्या दिवशी तातडीची बैठक. हार्लन म्हणाले, शेवटच्या सात दिवसांत काहीही प्रसिद्ध करायचं नाही हा आपला नियम आहे, शिवाय दुरुस्ती छापली तर एकाचा फायदा होईल आणि तोच पक्षपात.

“आणि चूक तशीच ठेवली तर?” वर्नाबाईंनी विचारलं.

“तर दोघांचं सारखंच नुकसान.”

यावर हात वर झाले. चार विरुद्ध दोन. दुरुस्ती पुढच्या निवडणुकीच्या तक्त्यात, खाली, बारीक अक्षरांत. वर्नाबाईंचा हात त्या चारांत होता. नियम त्यांनीच केला होता.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दाराशी त्यांची लुसिलबाईंशी गाठ पडली. दोघी एकाच गल्लीतल्या. लुसिलबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “वर्ना, तुमच्या कागदाने डोळे उघडले बघ माझे. आयुष्यात पहिल्यांदा वाचून मत देतेय.” वर्नाबाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, वाचून मत देणं केव्हाही चांगलं. आणि लुसिलबाई आत गेल्या.

मार्श निवडून आले. बऱ्याच मतांनी, एका मताने काही झालं नसतं. पुढच्या जूनमध्ये त्यांनी दवाखाना बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, ऑक्टोबरमध्ये दाराला कुलूप लागलं. लुसिलबाई फ्रिजसमोर उभ्या राहून माझ्यातल्या त्या रेघेकडे बघत राहायच्या. “खोटारडा,” म्हणायच्या, “तोंडावर खोटं बोलला.” मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बाई, मासळीच्या जेवणात काहीही बरळला असेल, पण पाठवलेल्या उत्तराला तो माणूस अक्षरशः जागलाय. खोटारडा मी आहे. गाडीही येते हो, ठरल्याप्रमाणे. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे साडेपाचला, एमेट आणि लुसिलबाई दोघंही तिच्यात चढतात. वाटेत आणखी सात जणांना घेते आणि दुपारी चारला परत सोडते. पाच मिनिटांच्या पट्टीसाठी साडेदहा तास.

गेल्या महिन्यात वर्नाबाई आल्या. नव्या निवडणुकीचा तक्ता तयार होतोय, बारीक अक्षरातली दुरुस्ती छापून जायची होती. त्याआधी स्वतः सांगावं असं त्यांना वाटलं. उशिराच वाटलं, पण आल्या खऱ्या. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. शाळेच्या दाराशी आपल्याला ठाऊक होतं, हेही.

लुसिलबाईंनी मला काढून टेबलावर ठेवलं. पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, पुन्हा पुढची.

“म्हणजे तो खोटं बोलला नव्हता?”

“उत्तरात नाही.”

“वर्षभर मी त्याला शिव्या घालतेय.”

“मला घाल,” वर्नाबाई म्हणाल्या.

लुसिलबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. म्हणाल्या, “चाळीस वर्षं न वाचता मत दिलं, वर्ना. एकदाही चुकलं नाही. एकदा वाचलं.”

मग वर्नाबाईंनी पिशवीतून नव्या तक्त्याचा कच्चा कागद काढला. आठ हजारांत वाचणारी तू एकटीच निघालीस, म्हणाल्या, तर छापायच्या आधी हा तूच तपास. परत न्यायला केव्हा येऊ?

लुसिलबाईंनी मला पुन्हा चुंबकाखाली लावलं. मला वाटलं होतं, आज फाडतील. फाडायला हवं होतं.

वाचकहो, मी आता पिवळा पडलोय, कोपरे वळलेत. मला जपून ठेवू नका आणि मान तर मुळीच देऊ नका. माझा नवा भाऊ तुमच्या दारात येईल तेव्हा त्याच्यावर संशय घ्या, उलटसुलट करून त्याला विचारा, नावाखालचं उत्तर नक्की त्या नावाच्याच माणसाचं का. आम्हा कागदांना कुणी काही विचारत नाही, म्हणून आम्ही इतके शहाणे दिसतो.

आणि लुसिलबाईंनी काय उत्तर दिलं ते सांगायचं राहिलं. त्यांनी कच्चा कागद घेतला, पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाल्या, “केव्हाही ये. मंगळवार-गुरुवार सोडून.”